आईंची फाइल आणि कंपनीतला शेवटचा दिवस

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र तीन पानांचे आहे आणि त्यात गेलेल्या नोकरीविषयी जेमतेम सहा ओळी आहेत. उरलेले सगळे पत्र तुमच्या आईंविषयी आहे. एका सॉफ्टवेअर कंपनीत 13 वर्षे काम केल्यानंतर, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, तुमचे पदच रद्द झाल्याचे तुम्हाला एका छोट्या बैठकीत सांगण्यात आले. या महिन्याची 30 तारीख हा तुमचा शेवटचा दिवस आहे आणि दोन महिन्यांचा पगार भरपाई म्हणून मिळणार आहे. यजमानांचा स्वतःचा लहान व्यवसाय असल्यामुळे घरात येणारा पैसा दर महिन्याला सारखा नसतो, आणि मुलगी सातवीत आहे. आई 68 वर्षांच्या असून त्यांना 9 वर्षांपासून मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हाचे सगळे बिल कंपनीच्या 5 लाखांच्या गटविम्यातून भागले. आता स्वतंत्र विम्याचा वार्षिक हप्ता ऐकून तुम्ही हादरला आहात. नवी नोकरी लागेपर्यंत सहा महिने विम्याशिवाय काढावेत, की ओळखीच्या एजंटाने सुचवल्याप्रमाणे आईंचे जुने आजार न लिहिता स्वस्तात पॉलिसी घ्यावी, असे तुम्ही विचारता. शेवटच्या परिच्छेदात तुम्ही लिहिता, की हे सारे आईंपासून लपवून ठेवले आहे आणि नवी नोकरी लागल्यावरच त्यांना सांगणार आहात.

पहिल्या दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर नाही असे आहे. आईंना न सांगण्याचा निर्णयही तुम्ही बदलावा असे मला वाटते, आणि त्याचे कारण केवळ भावनिक नाही.

आधी सहा महिन्यांच्या खंडाविषयी. विम्याच्या व्यवहारात सलगता ही मालमत्ता असते आणि ती तुम्ही 13 वर्षे कमावली आहे. नव्याने पॉलिसी घेणाऱ्या माणसाला आधीपासून असलेल्या आजारांसाठी जास्तीत जास्त 36 महिन्यांची प्रतीक्षा लावता येते, म्हणजे तेवढ्या काळात त्या आजारांचा खर्च विम्यातून मिळत नाही. 1 एप्रिल 2024 पूर्वी ही मर्यादा 48 महिन्यांची होती. गटविम्यातील सदस्याला मात्र नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत स्थलांतर मागण्याचा हक्क विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, दिलेला आहे. असे स्थलांतर झाले, तर आधीच्या संरक्षणाचा सलग काळ प्रतीक्षा कालावधीतून वजा होतो. हे श्रेय जुन्या विमारकमेपुरतेच, म्हणजे तुमच्या बाबतीत 5 लाखांपुरतेच मिळते आणि वाढवून घेतलेल्या रकमेला प्रतीक्षा नव्याने लागते, हेही लक्षात असू द्या. सहा महिन्यांचा खंड पडला की हे श्रेय संपले. मग अँजिओप्लास्टी झालेल्या 68 वर्षांच्या रुग्णाला नवी विमा कंपनी तीन वर्षांची प्रतीक्षा लावेल, किंवा सरळ नकारही देऊ शकेल. शिवाय पुढची नोकरी लागली तरी तिथल्या गटविम्यात आई-वडील असतीलच, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून पहिले काम तुमच्या सध्याच्या कंपनीकडे आहे आणि ते 30 तारखेच्या आत व्हायला हवे. मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा, की गटविम्यातून तुमचे नाव नेमके कोणत्या तारखेला वगळले जाणार आहे, ती पॉलिसी कोणत्या विमा कंपनीची आहे आणि तिचे वर्ष कधी संपते. त्याच पत्रात एक विनंतीही करा. गटविम्याचा हप्ता सामान्यतः वर्षाच्या सुरुवातीलाच भरलेला असतो आणि मध्येच नाव वगळले तर उरलेल्या काळाच्या प्रमाणात पैसे कंपनीला परत मिळतात. म्हणजे पॉलिसीचे वर्ष संपेपर्यंत तुमचे कुटुंब त्यात राहिले, तर कंपनीला नवा खर्च फारसा येत नाही, फक्त तो परतावा मिळत नाही. कपातीच्या वेळी अशी सवलत मागणे म्हणजे याचना नव्हे. अनेक जण ती मागतच नाहीत, कारण त्या बैठकीत अपमानाने घसा दाटलेला असतो आणि माणसाला लवकरात लवकर खोलीबाहेर पडायचे असते. तुम्ही त्या खोलीतून बाहेर पडून आठवडा झाला आहे. आता शांतपणे मागा. सोबत, तुम्ही आणि तुमचे कुटुंबीय कोणत्या वर्षापासून गटविम्यात होता याचे प्रमाणपत्रही मागून घ्या, कारण 13 वर्षांत कंपनीने विमा कंपनी बदललेली असू शकते आणि नंतर जुने कार्ड शोधून देणारे तिथे कोणी भेटत नाही.

स्थलांतराचा अर्ज करतानाही सावध राहा. विमा कंपनीला वैद्यकीय तपासणी करण्याचा आणि जोखमीप्रमाणे जादा हप्ता आकारण्याचा अधिकार असतो. त्यामुळे फोनवरच्या गोड बोलण्यावर विसंबू नका. अर्जाची पोच आणि निर्णय दोन्ही लेखी घ्या.

एजंटाच्या सल्ल्याचा मला मनापासून राग आला. आजार लपवून घेतलेली पॉलिसी हप्ता घेताना चालते आणि दाव्याच्या वेळी मोडते. आईंना उद्या दवाखान्यात न्यावे लागले, तर तिथले डॉक्टर सर्वांत आधी पूर्वेतिहास विचारतील, आणि भरतीच्या पहिल्या केसपेपरवर नऊ वर्षांचा मधुमेह आणि जुनी अँजिओप्लास्टी लिहिली जाईल, जशी ती लिहिली जायलाच हवी. तोच कागद विमा कंपनीसमोर जातो. दावा नाकारला जातो, पॉलिसी रद्द होऊ शकते, आणि भरलेले हप्ते वाया जातात ते वेगळेच. सलग 60 महिने पूर्ण झाल्यावर माहिती दिली नाही म्हणून दावा नाकारता येत नाही, हा नियम एजंट कदाचित तुम्हाला ऐकवील. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे, आणि जाणूनबुजून कोऱ्या सोडलेल्या रकान्याला दुसरे नाव देता येणार नाही. ती पाच वर्षे आईंनी आजारी न पडता काढायची, असाही त्या हिशेबाचा अर्थ होतो.

आता खर्चाकडे वळू या, कारण तुमची भीती खरी आहे आणि ती कोरड्या नियमांनी जाणार नाही. तुम्हाला सांगितलेला हप्ता बहुधा चौघांच्या एकत्रित पॉलिसीचा असावा. अशा पॉलिसीचा हप्ता सर्वांत ज्येष्ठ सदस्याच्या वयावर ठरतो, म्हणजे आईंच्या वयाची किंमत तुमच्या मुलीसाठीही मोजली जाते. आईंची पॉलिसी वेगळी आणि तुम्हा तिघांची वेगळी, असे आकडे मागवून पाहा. तुमच्या तिघांसाठी 5 लाखांची साधी पॉलिसी आणि तिच्यावर 5 लाखांच्या पुढचा खर्च उचलणारी सुपर टॉप-अप, ही जोडी एकाच मोठ्या पॉलिसीपेक्षा सहसा स्वस्त पडते. आईंच्या पॉलिसीत बिलाचा ठरावीक हिस्सा स्वतः भरण्याची अट स्वीकारली, तर हप्ता कमी होतो. ती अट पत्करावी असे माझे मत आहे. खोलीच्या भाड्यावरची मर्यादा मात्र जपून पाहा. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, तर केवळ भाड्यातला फरक भरून भागत नाही; अनेक पॉलिसींमध्ये डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा खर्च असे बाकीचे बिलही त्याच प्रमाणात कापले जाते.

दोन गोष्टी सध्या तुमच्या बाजूने आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी रद्द झाला आहे, तेव्हा एजंटाने सांगितलेल्या आकड्यात कर धरलेला नाही ना, हे विचारून घ्या. आणि ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता एका वर्षात 10 टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर विमा कंपन्यांना आधी नियामकाशी विचारविनिमय करावा लागतो, असे बंधन जानेवारी 2025 पासून आहे. एकरकमी पैसे जड जात असतील तर मासिक हप्ते पाडून मिळतात. मात्र त्यांची सवलतीची मुदत, म्हणजे तारीख चुकल्यावर हप्ता भरायला मिळणारा वेळ, फक्त 15 दिवसांची असते, म्हणून ते बँकेतून आपोआप जातील अशी व्यवस्था करा.

पहिल्या वर्षाच्या पैशांची सोयही तुमच्याच नोकरीतून होऊ शकते. सलग 5 वर्षे पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळते. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या 15 दिवसांच्या रकमेला, महिन्याचे 26 दिवस धरून, सेवेच्या वर्षांनी गुणले जाते. म्हणजे 13 वर्षांसाठी साडेसात महिन्यांच्या मूळ वेतनाइतकी रक्कम तुमची आहे. तिचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही, त्यामुळे तिचा विचार झाला नसावा अशी मला शंका आहे. भविष्य निर्वाह निधीला हात लावण्याआधी तिचा हिशेब लेखी मागा आणि त्यातून विम्याचा वर्षभराचा हप्ता बाजूला काढा. सरकारी योजनांचेही भान ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातील सर्व कुटुंबांसाठी आहे आणि तिच्यात वर्षाला 5 लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार योजनेतील रुग्णालयांत मिळतात. आई सत्तरीच्या झाल्या की उत्पन्न न पाहता मिळणारे आयुष्मान वय वंदना कार्डही त्यांना काढता येईल. या योजना स्वतंत्र विम्याची पूर्ण जागा घेत नाहीत, पण ही दोन वर्षे कशी काढायची, या प्रश्नाचे वजन त्यामुळे कमी होते.

राहिला आईंना सांगण्याचा प्रश्न. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या यजमानांची कंपनी बंद पडली, तेव्हा आम्ही सासऱ्यांना चार महिने काही सांगितले नव्हते. त्यांना ते पहिल्याच आठवड्यात कळले होते. आम्हाला ओझे नको म्हणून ते रक्तदाबाची गोळी अर्धी मोडून घेऊ लागले होते, आणि एका सकाळी ते न्हाणीघरात चक्कर येऊन पडले तेव्हा गोळ्यांच्या डबीत सुरीने कापलेले तुकडे सापडले. ते तुकडे मी आजही विसरलेले नाही. ज्या वडीलधाऱ्यांना आपण काही सांगत नाही, ते स्वतःच्या मनाने काटकसर सुरू करतात आणि ती बहुधा औषधांपासून करतात.

तुमच्या बाबतीत तर वेळेचाही प्रश्न आहे. विम्याच्या अर्जावर आईंच्या आजारांची सविस्तर माहिती लागेल, त्यांची सही लागेल आणि कदाचित त्यांना तपासणीलाही न्यावे लागेल. त्यांना न सांगता यांपैकी काहीही होणार नाही, आणि लपवण्यात जाणारा प्रत्येक दिवस 30 तारखेतून वजा होतो आहे. त्यांना सांगताना नोकरी गेली एवढ्यावर थांबू नका. भरपाई किती मिळणार, घरखर्च किती महिने भागेल आणि त्यांची औषधे जशी आहेत तशीच चालू राहतील, हेही सांगा. पद रद्द झाले यात तुमचा दोष नाही, हे त्यांना पटवून द्यावे लागेल असे मला वाटत नाही. पत्रावरून दिसते, की ते अजून तुम्हालाच पटलेले नाही.

उद्या सकाळी कंपनीला ते पत्र पाठवा आणि संध्याकाळी आईंजवळ बसून त्यांची फाइल उघडा. रुग्णालयातून घरी सोडताना दिलेला सारांश, साखरेचे जुने अहवाल, सध्याच्या औषधांची चिठ्ठी, असे सगळे तारखांप्रमाणे लावून घ्या. ज्या तारखा तुम्हाला आठवणार नाहीत, त्या त्यांना आठवतील.