घरच्या नेटवर्कवर फाइल सापडत नाही तेव्हा

संगणकाविषयी सोलापूरच्या वाचकांकडून या महिन्यात आलेले बरेच प्रश्न एकाच विषयावरचे आहेत: इंटरनेट नीट चालते, पण घरातल्या एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर उघडत नाही. त्यांपैकी चार निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न: आमच्याकडे एक डेस्कटॉप आणि एक लॅपटॉप आहे, दोन्हींवर विंडोज ११. डेस्कटॉपवरचे हिशेबाचे फोल्डर शेअर केले आहे. लॅपटॉपवर ‘नेटवर्क’ उघडले की डेस्कटॉप कधी दिसतो, कधी दिसत नाही. दिसला तरी पासवर्ड मागतो आणि रोजचा पिन टाकला तर तो घेत नाही. पासवर्डची अटच काढून टाकावी का?
(वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: अट काढू नका. ती काढली की तुमच्या वाय-फायला जोडलेल्या प्रत्येकाला हिशेब उघडे पडतात, आणि घरच्या वाय-फायचा पासवर्ड पाहुण्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत किती जणांना दिलेला असतो ते आठवून पाहा.

तुमच्या अडचणी दोन आहेत. आधी न दिसण्याची. ‘नेटवर्क’मधली यादी भरवशाची नसते, संगणकांनी आपली ओळख वेळेवर जाहीर केली तरच ती भरते. म्हणून थेट पत्त्याने जाऊन बघा. डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्या आणि ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’समोरचा आकडा लिहून घ्या. समजा तो १९२.१६८.१.२० आहे. आता लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबा, चौकटीत \\१९२.१६८.१.२० असे इंग्रजी आकड्यांत लिहा आणि एंटर दाबा. फोल्डर दिसले किंवा पासवर्डची खिडकी आली, तर नेटवर्क ठणठणीत आहे, दोष फक्त यादीत आहे. डेस्कटॉपवर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा ‘ऑटोमॅटिक’ करा आणि सुरू करा.

त्याऐवजी ०एक्स८००७००३५ हा एरर आला, तर लॅपटॉप डेस्कटॉपपर्यंत पोहोचतच नाही. बहुतेक वेळा नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेले असते आणि फायरवॉल बाहेरून आलेली मागणी अडवते. डेस्कटॉपवर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग आपल्या वाय-फाय किंवा इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रायव्हेट नेटवर्क’ निवडा. त्यानंतर अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट विभागातली ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ ही दोन्ही बटणे चालू करा. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याची फायरवॉल निराळी असते. तिथेही हे नेटवर्क घरचे म्हणून नोंदवावे लागते. फायरवॉल पूर्ण बंद करून काम भागवू नका. आणि डेस्कटॉप झोपला असेल तर यातले काहीच लागू पडत नाही, म्हणून पॉवर सेटिंगमध्ये ‘स्लीप’ची वेळ ‘नेव्हर’ ठेवा.

आता पासवर्ड. पिन फक्त ज्या संगणकावर ठरवला त्याच्यासमोर बसूनच चालतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो, आणि रोज पिन वापरणाऱ्याला तो बहुधा आठवत नाही. सगळ्यात सुटसुटीत उपाय म्हणजे डेस्कटॉपवर फक्त शेअरिंगसाठी एक स्थानिक खाते काढणे. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, अ‍ॅड अकाउंट असे जा. ईमेल मागितला की या व्यक्तीची माहिती आपल्याकडे नाही हा पर्याय घ्या आणि पुढे मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर जोडा. पासवर्ड रिकामा ठेवू नका, रिकाम्या पासवर्डचे खाते विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. लॅपटॉपवर युजरनेमच्या जागी आधी डेस्कटॉपचे नाव, मग \ आणि मग खात्याचे नाव लिहा. पूर्वी चुकीचा पासवर्ड साठवला गेला असेल तर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जाऊन ती नोंद आधी पुसा.

फोल्डर उघडते पण फाइल सेव्ह होत नाही, असे पुढे झाले तर परवानग्या पाहा. त्या दोन ठिकाणी असतात, ‘शेअरिंग’ टॅबमध्ये आणि ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये, आणि दोन्हींतली जी कडक ती लागू होते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग’मधून शेअर केलेल्या फोल्डरला सुरुवातीला फक्त ‘रीड’ मिळते. दोन्हीकडे नव्या खात्याला ‘चेंज’ किंवा ‘मॉडिफाय’ द्या.

प्रश्न: खाली टॉवेलचा कारखाना, वर घर. डिझाइनच्या फाइली खालच्या संगणकावर आहेत. दोन्ही मजल्यांवर वेगवेगळे राउटर आहेत. वरच्या लॅपटॉपवरून खालचे फोल्डर उघडते, पण खालून वरचा लॅपटॉप सापडत नाही. दोन्हींची सेटिंग्ज सारखीच आहेत.
(वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर: वरून खाली जाता येते आणि खालून वर येता येत नाही, हे लक्षण फार बोलके आहे. दोन्ही संगणकांचे पत्ते बघा. खाली १९२.१६८.१ ने सुरू होणारा आणि वर १९२.१६८.० ने सुरू होणारा पत्ता असेल, तर ही दोन स्वतंत्र नेटवर्क आहेत. खालून आलेली केबल वरच्या राउटरच्या ‘वॅन’ (बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या) पोर्टात खोचलेली असणार. तसे केले की वरचा राउटर खालच्या सगळ्यांना परके इंटरनेट समजतो: बाहेर जाऊ देतो, आत येऊ देत नाही. विंडोजमध्ये कितीही बदल केले तरी हे सुटणार नाही.

वरच्या राउटरमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ (स्वतःचे वेगळे नेटवर्क न करता खालचेच पुढे नेण्याची सोय) असेल तर तो चालू करा, काम झाले. नसेल तर आधी ‘वॅन’मधली केबल काढून ठेवा, नाहीतर पुढच्या पायरीत पत्त्यांची टक्कर होते. राउटरच्या पानावर जाऊन त्याचा लॅन (घरातल्या नेटवर्कवरचा) पत्ता १९२.१६८.१.२ करा. हा पत्ता खालचा राउटर दुसऱ्या कुणाला देत नसल्याची खात्री करून घ्या. नव्या पत्त्यावरून पुन्हा लॉगिन करा, ‘डीएचसीपी सर्व्हर’ (पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि शेवटी केबल ‘लॅन’ पोर्टात लावा. क्रम बदलू नका.

लाइट गेली-आली की राउटर नव्याने पत्ते वाटू शकतो आणि कालपर्यंत चाललेला शॉर्टकट आज मरतो. खालच्या राउटरच्या ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये डिझाइनच्या संगणकाला कायमचा पत्ता देऊन टाका.

प्रश्न: राउटरच्या यूएसबीला लावलेली हार्ड डिस्क विंडोज ११ प्रोच्या २४एच२ अपडेटनंतर उघडत नाही. पाहुण्यांना प्रवेश नाही असा संदेश येतो.
(वाचक, होटगी रोड)

उत्तर: या आवृत्तीपासून प्रो संगणक प्रत्येक एसएमबी (विंडोजची फाइल शेअर करण्याची पद्धत) जोडणीवर डिजिटल सही मागतो. सहीची किल्ली पासवर्डातून तयार होते. विनापासवर्ड येणाऱ्या ‘गेस्ट’कडे ती नसतेच. राउटरच्या यूएसबी शेअरिंगच्या पानावर युजरनेम आणि पासवर्ड ठरवा, राउटरचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करा.

राउटर जुना असून फक्त एसएमबी १ जाणत असेल, तर ते विंडोजमध्ये परत चालू करण्याचा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच जुन्या पद्धतीतल्या भोकातून जगभर पसरला होता. त्यापेक्षा डिस्क थेट डेस्कटॉपला लावा आणि तिथून शेअर करा.

प्रश्न: लग्नाच्या शूटिंगचे ४० जीबी केबलने दुसऱ्या संगणकावर न्यायला तासभर लागतो. डिस्क खराब आहे का?
(वाचक, नवी पेठ)

उत्तर: तासाला ४० जीबी म्हणजे सेकंदाला सुमारे ११ एमबी, म्हणजे जोडणी १०० एमबीपीएसवर अडकली आहे. इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लिंक स्पीड’ पाहा. गिगाबिट (१००० एमबीपीएस) वेगाला केबलमधल्या आठही तारा लागतात. एक जरी तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही तरी वेग १०० वर येतो. दुसरी केबल लावून बघा. तरीही १०० च दिसले तर बहुधा राउटरचे पोर्टच तेवढे आहेत. मग पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच घ्या आणि दोन्ही संगणक त्यालाच जोडा. डिस्कने साथ दिली तर तेच काम सहा-सात मिनिटांत होईल.