धोलावीराला पहिल्यांदा जाताय?

कच्छमधल्या या हडप्पा संस्कृतीच्या प्राचीन शहरात आधी पाणी बघा, मग बालेकिल्ला. बहुतेक जण थेट वर चढतात, फोटो काढतात आणि "इथं नुसते दगडच आहेत की" म्हणत परततात. शहराच्या दोन बाजूंनी मनसर आणि मनहर हे पावसाळी ओढे. त्यांचं पाणी बांध घालून अडवलं, हौदांत खेळवलं. पूर्वेच्या मोठ्या हौदाच्या काठावर उभं राहून पायऱ्या मोजा. भोवती कच्छचं खारं रण आणि इथं गोडं पाणी! मी तिथं तासभर रेंगाळलो होतो.

उत्तर दरवाजाशी दहा चिन्हांची पाटी सापडली. ही सिंधू लिपी अजून खात्रीनं वाचता आलेली नाही, तेव्हा कुणी अर्थ सांगू लागला तर हसून पुढे चला.

'हडप्पा म्हणजे भाजक्या विटा' हे डोक्यातून काढा. इथं मुख्यतः दगड आहे. विटा बघायच्या तर लोथल, गुजरातमधलंच दुसरं हडप्पाकालीन ठिकाण.

खापर दिसलं तर उचलू नका. जागेवरून हललं की त्याची निम्मी गोष्ट गेली.

उन्हाळ्यात मात्र अजिबात जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीत, सकाळी लवकर.