उजव्या बाजूच्या स्ट्रोकनंतर माणूस असा कोरडा का वागतो

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक येऊन पाच महिने झाले, चालतात, बोलणं स्पष्ट आहे, पण तुम्ही समोर बसून रडलात तरी ते टीव्हीच बघत राहतात, आणि नातेवाईक म्हणतात बरे झालेत की आता. माझ्या बायकोलाही उजव्याच बाजूचा स्ट्रोक आला होता, बरीच वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो, त्यांचं तुमच्यावरचं प्रेम गेलं असा अर्थ प्लीज काढू नका. समोरच्याचा चेहरा, नजर, आवाजातला चढउतार यावरून त्याच्या मनात काय चाललंय हे आपल्याला आपोआप कळतं, आणि या कामात उजव्या मेंदूचा वाटा मोठा असतो. बहुतेकांची भाषा डाव्या बाजूला असते, त्यामुळे डावीकडे स्ट्रोक आला की बऱ्याचदा बोलण्यावर परिणाम होतो आणि ते सगळ्यांना दिसतं. उजवीकडे आला तर शब्द बहुधा शाबूत राहतात पण शब्दांमागचा सूर हरवू शकतो. एलियट रॉस नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने १९८१ मध्ये यावर लिहिलं होतं, याला अप्रोसोडिया म्हणतात. काहींना दुसऱ्याच्या आवाजातली भावना कळत नाही, काहींना कळते पण स्वतःच्या आवाजात आणता येत नाही, मग 'तू आलीस, बरं वाटलं' हेसुद्धा बातम्या वाचल्यासारखं सपाट येतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं याला काही पडलेलीच नाही. हिला टोमणे अजिबात कळेनासे झाले होते, कोणी वैतागून 'वा, छान केलंस' म्हणालं की ही खरंच खूश व्हायची. घरात मग आम्ही टोमणे बंदच केले.

त्यात अजून एक, त्यांना स्वतःला हा बदल जाणवत नसेल. बाबिन्स्कीने १९१४ मध्ये अ‍ॅनोसोग्नोसिया हा शब्द आणला तो लकवा झालाय हेच न कळणाऱ्या पेशंटसाठी, पण वागण्यातल्या बदलाचंही असं होतं. म्हणून 'तुम्ही बदललात' हे पटवून द्यायला वाद घालत बसू नका, दोघांनाही त्रास होतो आणि हाती काही लागत नाही.

तुमच्या डॉक्टरांनी मेमरी टेस्ट नॉर्मल आहे म्हटलं, ते बरोबरच असणार. पण त्या टेस्टमध्ये तारीख विचारतात, घड्याळ काढायला लावतात, शब्द लक्षात ठेवायला सांगतात, समोरचा चेहरा रागावलाय की घाबरलाय हे कोणी विचारतच नाही. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे (मेंदूच्या आजारानंतर विचार, भावना, वागणं तपासणारे मानसतज्ज्ञ) पाठवा म्हणून सांगा आणि तिथे भावना ओळखण्याची तपासणी हवी असं स्पष्ट मागा, नाहीतर परत मेमरीच तपासून घरी पाठवतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या करून बघा कारण उपाय वेगळे आहेत. स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एकाला डिप्रेशन येतं, ते उदास असतात, झोप भूक बिघडते, आपण ओझं झालोय असं बोलतात, त्यावर औषध आणि काउन्सेलिंग दोन्ही आहे (आणि जगायचं नाही असं कधी बोलले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं, वाट बघायची नाही). अ‍ॅपथी वेगळी, त्यात माणूस दुःखी नसतो, नुसता बसून राहतो, स्वतःहून काही सुरू करत नाही, पण हात धरून चला म्हटलं तर येतो. अशांना 'काय करायचंय तुम्हाला' विचारून उपयोग नाही, ठरलेल्या वेळेला ठरलेलं काम समोर ठेवायचं. आणि तुम्ही म्हणताय की मधेच मिस्टरांना कारण नसताना रडू फुटतं नि मिनिटभरात थांबतं, ते बहुतेक रडण्या-हसण्यावरचा मेंदूचा ताबा सुटल्यामुळे असेल, आत तेवढं दुःख असेलच असं नाही. त्यावर कमी डोसच्या अँटीडिप्रेसंटने बऱ्याच जणांना फरक पडतो, डॉक्टरांना आवर्जून सांगा, लोक लाजेने सांगतच नाहीत. पण वागणं एकदम एका दिवसात बिघडलं, तोंड वाकडं झालं किंवा हात गळाला तर सरळ हॉस्पिटल.

घरात काय करायचं तर भावना शब्दात सांगायची. रुसून बसलात, गप्प झालात तर त्यांच्यापर्यंत ते पोचणारच नाही. 'अहो, मला आज खूप वाईट वाटतंय, थोडा वेळ माझा हात धरून बसा' असं पूर्ण वाक्य, टीव्ही बंद करून, समोर बसून. सुरुवातीला फार विचित्र वाटतं, इतक्या वर्षांच्या संसारात हे मागावं लागतंय म्हणून घशाशी येतं, पण ही हात धरायची, आणि सांगितलं नसतं तर धरला नसता. मुलीलाही हेच शिकवा, तिला नीट समजावून सांगा की बाबांना तुझा राग दिसत नाहीये. पाहुण्यांच्या गर्दीत आणि थकल्यावर सगळंच जास्त बिघडतं, एकावेळी एकच माणूस भेटलेलं बरं.

सुधारणा पहिल्या काही महिन्यांत जास्त दिसते, पुढेही हळूहळू होत राहते, पण अगदी पहिल्यासारखे होतील असं मी म्हणणार नाही. तुम्हाला यात जे एकटं वाटतंय ते खरं आहे, माणूस समोर असून वाटणारं ते दुःख आहे, तुम्ही स्वार्थी नाही. स्वतःसाठीही एखादा काउन्सेलर बघा.

पुढच्या अपॉइंटमेंटच्या आधी दोन आठवडे वहीत लिहून ठेवा, काय घडलं, किती वाजता, आधी काय चाललं होतं, रडणं किती वेळ टिकलं. ते पेशंटसमोर वाचू नका, आधीच डॉक्टरांच्या हातात द्या. आणि मग काय म्हणाले ते इथे लिहा, मी बघेन.