अंगावर उठतात त्या 'गांधी' कुठल्या?

तासगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. धाकट्याच्या अंगावर लालसर, खाजरे उंचवटे आले, तशा सासूबाई म्हणाल्या, "पोराला गांधी उठल्यात." चौथीतल्या पोरानं लगेच विचारलं, "महात्मा गांधी?" घरात कुणालाच उत्तर देता येईना.

संबंध काहीच नाही. मूळ शब्द 'गांध', स्त्रीलिंगी. भिंत-भिंती, विहीर-विहिरी, तशी गांध-गांधी. ती एकटीदुकटी क्वचितच उठते, त्यामुळं अनेकवचनच कानावर पडतं. आडनावाचं मूळ निराळं: संस्कृत 'गान्धिक', म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा. प्रमाण मराठीत क्रियापद लगेच फरक सांगतं. आडनावाचे गांधी 'उठले', अंगावरच्या गांधी 'उठल्या'. पण आपल्या सांगली-साताऱ्याकडं पाव्हणंसुद्धा 'आल्यात' आणि गांधीसुद्धा 'उठल्यात'! पोराचा गोंधळ अगदी रास्त आहे.

आता 'गांध' आली कुठून? मला ती गांधीलमाशीच्याच घरातली वाटते. तुमच्या द्राक्षबागेत मांडवाखाली काम करताना ही माशी ज्याला डसली असेल, त्याला जास्त सांगायला नको: मिनिटभरात कातडी टरारून वर येते. 'माधवनिदान' या जुन्या वैद्यकग्रंथात शीतपित्ताच्या, म्हणजे अंगावर पित्त उठतं त्याच्या, सुजेला 'वरटीदष्टसंस्थान' म्हटलंय. वरटी म्हणजे गांधीलमाशी. ती डसल्यावर दिसते तशी सूज. वैद्यांना सुचलेली तीच उपमा मराठीत शब्द होऊन बसली असावी, असं माझं मत आहे.

क्रियापदही नीट ऐका. गळू होतं, फोड येतो, टेंगूळ येतं. पण गांध उठते, छडीचा वळ उठतो. बघता बघता वर येतं, त्याला आपण 'उठणं' म्हणतो. गांधीत ना पाणी असतं ना पू, आणि एकेक गांध बहुधा दिवसभराच्या आत जिरूनही जाते. (ओठ-जीभ सुजली किंवा दम लागला, तर मात्र आमसुलाच्या पाण्यावर थांबू नका, तडक दवाखाना गाठा.)

'पित्त उठलं' म्हणतो तेव्हा आपण कारण सांगत असतो, 'गांधी उठल्या' म्हणतो तेव्हा रूप. म्हणूनच डास चावल्यावर गांध उठली म्हणतात, पित्त उठलं असं कुणी म्हणत नाही.