घरच्यापुरते परकर, पिशव्या, अभ्रे शिवायला शिकायचं आहे. मशीन कोणतं घ्यावं? विकतपेक्षा स्वस्त पडतं का?

स्वस्त पडत नाही. बचतीच्या हिशोबाने मशीन घेणार असाल तर घेऊ नका. रेडिमेडवाले कापडाचे थरावर थर रचून एकदम कापतात. दोन मीटर कापड घेऊन बसलेली बाई त्या भावाला पोचूच शकत नाही.

पण तुम्ही परकर लिहिलंत, म्हणून उत्तर द्यायला बसले.

आमची आई पन्नास वर्षं पाचवारी नेसते. कामाच्या धबडग्यात निऱ्या सुटू नयेत म्हणून नाडी करकचून आवळायची. उजव्या कमरेला, जिथे गाठ येते तिथे, काळा खोलगट वळ. आम्ही तो लहानपणापासून बघत आलो, बायकांच्या कमरेला असतोच असं धरून चाललो. मग त्या जागेची सालं निघायला लागली. आई वर हळद दाबायची आणि पुन्हा तिथेच नाडी बांधायची. 2024 च्या नोव्हेंबरात बातमी आली: वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांच्या केसेस छापल्या होत्या. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट बांधून जखम झाली, ती भरली नाही आणि तिथे त्वचेचा कॅन्सर झाला. दुसऱ्याच दिवशी मी आईला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. तसलं काही निघालं नाही, पण नाडी बंद करा म्हणाले.

भाऊ म्हणाला, "ताई, दीडशेची वस्तू आहे. मी इलॅस्टिकवाले आणतो, तू कशाला कमरेचा काटा ढिला करतेस?" आणले सहा. इलॅस्टिक त्याच वळावर रुतायचं, आणि निऱ्यांच्या वजनाने परकर खाली सरकायचा. आई तीन दिवसांत नाडीवर परत.

मग मीच बेतला. आम्ही इचलकरंजीत राहतो, पॉपलीनला तोटा नाही. नेफा-नाडी काढून तीन इंचांचा सपाट पट्टा लावायचा, बाजूला हुक, असं डोक्यात होतं. कापड पुरेना म्हणून पट्टा तिरका, उरेब काढला. तीच चूक. उरेब कापड ताणतं. आई एका बारशाला गेली होती, दुपारपर्यंत पट्टा सैल होऊन ती साडी मुठीत धरून घरी आली. "नाडीच बरी," एवढंच म्हणाली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

दुसऱ्या खेपेला पट्टा किनारीला समांतर, उभ्या धाग्यावर काढला आणि आत मांजरपाटाचं अस्तर घातलं. हुक अडकवायच्या कड्यांच्या दोन रांगा, एक जेवणाआधीची, एक नंतरची. कापड आदल्या रात्री भिजत घालून वाळवलं, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि मग पट्टाच कमी पडतो. कळ्या, म्हणजे परकराचे वर अरुंद खाली रुंद असे तुकडे, उलटसुलट मांडून कापल्या, म्हणजे कापड वाया जात नाही. जोडताना एकीची सरळ कड दुसरीच्या तिरक्या कडेला, आणि टीप वरून खाली. सगळ्या जोडून झाल्यावर परकर एक रात्र टांगून ठेवा. तिरका भाग ओघळायचा तेवढा ओघळतो, मग खालची घडी मोडा. क्लासमध्ये हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे पहिल्याच आठवड्यात कटोरी ब्लाउज काढायला लावला होता आणि निम्म्या बायका महिन्यात गळाल्या. नवशिक्या बाईच्या हातात आधी अभ्रा द्यावा, मग पिशवी, मग परकर. ब्लाउज वर्षभराने.

मशीनचं म्हणाल तर सरळ टीप घालणारं जुनं पायमशीन पुरतं. झिगझॅग, म्हणजे नागमोडी टीप घालणाऱ्या मशीनवर पैसे घालवू नका. कडा आत दुमडून दुसरी टीप मारली की सुतं निघत नाहीत. पॉपलीनला 14 नंबरची सुई, जाड पिशवीला 16. गुडघे दुखत असतील तर मोटर बसवून घ्या. पिशव्यांबद्दल वेगळं काय सांगू, बंद खोलवर शिवा आणि तिथे चौकोनात दुहेरी टीप मारा.

एक राहिलं. प्रत्येक काळ्या वळाचा कॅन्सर होत नाही, तसं क्वचितच होतं. घरात कुणाला असा वळ असेल तर घाबरवू नका. पण तिथली जखम भरत नसेल तर परकर शिवत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि आधीपासून नाडी सैल बांधणाऱ्या बाईला या पट्ट्याची गरजही नाही.

भाऊ अजून म्हणतो, दीडशेच्या वस्तूसाठी तू दोन रविवार घातलेस. घातले. आईच्या कमरेचं माप दुकानात नव्हतं. सरळ उभी असताना 34, जेवून पाटावर बसली की 37. तुम्ही कुणाचंही माप घ्याल तेव्हा ते बसल्यावरही घ्या आणि पट्टा त्यावर बेता.