पेवातली हळद

"मॅडम, हातात घेतलेलं एकही काम पुरं होत नाही. मी आळशी आहे." कुणाचा प्रबंध अडलेला असतो, कुणाचा कवितासंग्रह, वाक्य हेच. समुपदेशनाला येणाऱ्यांकडून महिन्यातून एकदा तरी ऐकते, म्हणून आज लिहिते. ओळख कळू नये एवढे तपशील बदलले आहेत.

असंच म्हणत आलेला सत्तावीस वर्षांचा हा मुलगा सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. मित्रानं चाल लावलेल्या गाण्याचा व्हिडिओ तीन वर्षं करत होता. पहिलं शूटिंग हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर. मग पाऊस लागला, घाट बुडाला, नदी गढूळ झाली; आधीच्या शॉटशी पाण्याचा रंग जुळेना. पुढच्या वर्षी पुन्हा सुरुवात केली, तोवर नायिकेनं केस कापलेले. तिसऱ्या वर्षी भाड्यानं चांगला कॅमेरा आणला आणि जुनं सगळं त्याला फिकं दिसायला लागलं.

रविवारी पहाटे पाचला ट्रायपॉड खांद्यावर टाकून निघणारा माणूस आळशी कसा? हे मी त्याला म्हटलं. त्याला बरं वाटलं, फरक काही पडला नाही. वेळापत्रक करून दिलं, तेही त्यानं पाळलं. व्हिडिओ होता तिथंच.

"रोज दोन तास बसून करतोस काय?"

"पहिलं मिनिट नीट करतोय."

गाणं चार मिनिटं दहा सेकंदांचं. पहिल्या मिनिटाचं एडिटिंग सतरा वेळा झालेलं आणि दुसऱ्या अंतऱ्याला हात लागलेला नव्हता. काम त्याला हवंच होतं. संपणं नको होतं. हे दिसलं आणि मी वेळापत्रक बाजूला ठेवलं.

"संपलं तर काय होईल?"

"लोक बघतील."

"मग?"

"चांगलं झालंच पाहिजे ना मॅडम. तीन वर्षं घातलीत."

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मी वापरते. तिच्यात या 'च'वर फार काम करावं लागतं. चांगलं व्हावं ही इच्छा माणसाला कामाला लावते, झालंच पाहिजे हा हट्ट त्याचे हात बांधतो. पण असा 'च' समजावून सुटत नाही. माणसाला तो स्वतःच्या भाषेत सापडावा लागतो.

सहाव्या भेटीत मी त्याच्याच धंद्यातलं विचारलं. "हरिपूरला पूर्वी जमिनीखालच्या पेवात हळद किती टिकायची रे?"

त्याचा चेहरा खुलला. "पुष्कळ वर्षं. कीड लागायची नाही."

"मग कायमची तिथंच ठेवत असतील तेव्हा."

"नाही ओ! भाव बघून काढायचे की."

"आणि भाव कुठं ठरतो?"

"सौद्यात. माल बाहेर आल्या..." तो थांबला. बुटाच्या शिवणीत बसलेल्या हळदीच्या पिवळ्या रेघेकडं बघत राहिला. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं बोलू नये, हे मी अनुभवानं शिकले आहे. दोनेक मिनिटांनी त्यानं खिशातून मोबाईल काढला. "अर्धवट आहे. बघता का?"

त्याचा अंगठा थांबवायच्या खुणेवरच होता. "इथं फोकस गेलाय... हा शॉट बदलणार आहे..." मी मोबाईल माझ्या हातात घेतला आणि गाणं शेवटपर्यंत लावून ठेवलं. चार मिनिटं तो भिंतीकडं बघत बसला. त्या फोकस गेलेल्या शॉटमध्ये घाटावर एक बाई लुगडं पिळत होती. मला ती फार आवडली. तसं सांगितलं.

त्यानंतर आम्ही जे ठरवलं ते अशा प्रत्येकाला उपयोगी पडेल. सुरुवातीला हात लावायचा नाही. काम शेवटाकडून मागं करत यायचं. आहे त्या चित्रीकरणातच भागवायचं, नवं शूटिंग नाही. दाखवायची तारीख आधी ठरवायची आणि ती दुसऱ्या कुणाला तरी सांगायची. तिघांना दाखवायचं, प्रत्येकाची एकच सूचना घ्यायची. घरच्यांनी "झालं का?" विचारू नये, "आज कुठला भाग केलास?" विचारावं. पहिल्या प्रश्नानं 'च' आणखी घट्ट होतो.

सात आठवड्यांनी व्हिडिओ मित्राच्या घरी, भिंतीवर पडदा लावून दाखवला गेला. लुगडं पिळणारी बाई होती तशीच आहे, धूसर. शेवटच्या भेटीत तो पुढच्या गाण्याबद्दलच बोलत होता. नदीचे शॉट या वेळी मेअखेरपर्यंत उरकणार म्हणाला, पाणी गढूळ व्हायच्या आत.