गिरणी कामगाराचं घर लागलं, पण वारस तिघं

प्रश्न: वडील परळच्या गिरणीत विणकाम खात्यात होते. 1982 च्या संपाच्या वेळी ते पटावर होते. ते वारल्यावर आईने म्हाडाकडे अर्ज केला. सोडतीत घर लागलं, पण ताबा मिळण्याआधीच आई गेली. मोठा भाऊ म्हणतो, वडिलांच्या फंडावर माझं नाव होतं, म्हणून घर माझं. लग्न झालेल्या बहिणीचा हक्क नाही. एक दलाल मुखत्यारपत्रावर घर विकत मागतोय. धाकटा भाऊ गप्प आहे. मी काय करू?

उत्तर: ताई, तुमचा हक्क दोन्ही भावांइतकाच आहे. आईने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणे मुलगे आणि मुली समान वाटेकरी असतात. लग्नाने त्यात फरक पडत नाही. मुलींना हक्क 2005 पासून मिळाला, हा समज इथे गैरलागू आहे. 2005 ची ती कायदादुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेबाबत होती. फंडावरचं नामनिर्देशन फंडापुरतंच. त्यातून घराचा मालक ठरत नाही.

आधी म्हाडाला लेखी कळवा: अर्जदार वारल्या, तीन वारस आहेत, सर्वांच्या संमतीशिवाय एकाच्या नावे वाटप करू नये, कागदपत्रांसाठी मुदत द्यावी. प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी विनंती फाइलला लागत नाही आणि मुदत चुकली तर भावांचंही नुकसान होईल.

मग न्यायालयातून वारस दाखला काढा. तो 1827 च्या मुंबई विनियम 8 खाली मिळतो. वकिलाने सवयीने 1925 च्या कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागितलं तर थांबवा. ते येणी आणि रोख्यांसाठी असतं, घरासाठी नाही. गावच्या सातबाऱ्यावरची वारस नोंदही इथे पुरेशी धरू नका. अर्जात आईवडील दोघांचे मृत्यू आणि तिन्ही वारस लिहा. न्यायालय जाहीर नोटीस काढतं. त्यावर भावाने हरकत घेतली तर प्रकरण दाव्यासारखं लांबतं. म्हणून अर्जाआधीच दोघांची लेखी संमती मिळवायचा प्रयत्न करा.

खरी अडचण बहुधा नावात निघेल. गिरणीच्या कागदांवर अनेकदा आडनावच नसतं, किंवा तिथे गावाचं नाव लागलेलं असतं. मृत माणसाचं नाव राजपत्रात बदलता येत नाही. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करा आणि त्याला तिकीट नंबर (गिरणीतला कामगार क्रमांक) असलेलं हजेरी कार्ड, कामगार विमा कार्ड, फंडाची पावती, जुनं रेशनकार्ड, तुमचा शाळा सोडल्याचा दाखला जोडा. नुसत्या प्रतिज्ञापत्राला वजन नसतं.

दलालाकडून इसार घेऊ नका, कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नको. मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. शिवाय वाटपपत्रात विक्रीबंदीची मुदत असते; ती मोडल्यास वाटपच धोक्यात येतं.

ही घरं मुळातच थोडी आहेत. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 प्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक वाटा म्हाडाला मिळायचा होता. 2001 च्या बदलाने ती वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेपुरती उरली आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. टॉवर आणि मॉल उभे राहिले, कामगारांची जागा आकसली. म्हणून भांडणात हे घर घालवू नका. एकाने घर ठेवून बाकी दोघांना रक्कम द्यायचं ठरलं, तर रक्कम आणि हप्त्यांच्या तारखा करारात लिहा. हक्कसोड पत्र नोंदणीकृतच हवं आणि त्यावर सही शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्यावरच करा.